सवाईला मित्रमंडळींबरोबर जाताय? या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार होतो, सीझन तिकिटं काढली जातात, बाहेरगावचे मित्र पुण्यात कोणाकडे उतरणार ते ठरतं. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हा पुण्यातला शास्त्रीय संगीताचा महोत्सव पाच दिवसांचा असतो, आणि पाच दिवस मांडी घालून गाणं ऐकायला तयारी लागते. घोळक्याने आलेल्यांचा विरस होतो तो बहुतेक वेळा गाण्यामुळे होत नाही. सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं, हा हट्ट नडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यादीतलं मोठं नाव बघून संध्याकाळी सात वाजता पोचणं. दिवसाची सुरुवात सहसा दुपारी तीनच्या सुमारास होते, आणि पहिल्या सत्रात बरेचदा तरुण कलाकार असतात. ‘नवीनच कोणीतरी आहे, चहा पिऊन निघू’ असं म्हटलं की त्या गाण्याबरोबर दुपारचे रागही हातचे जातात. मुलतानी, मधुवंती, भीमपलास हे राग शहरातल्या नेहमीच्या मैफलींत क्वचितच ऐकायला मिळतात, कारण त्या मैफली सुरूच होतात संध्याकाळी, यमनाच्या वेळेला. दिवस कलला की मारवा, पूरिया धनाश्री, श्री. बाहेर खरोखर उजेड कमी होत असताना मारव्याचा कोमल रिषभ ऐकणं ही या उघड्या मंडपाची देणगी आहे. रविवारी कार्यक्रम दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा सारंगाचे प्रकार ऐकायची संधी असते. रात्रीची मात्र उलटी गत आहे. पूर्वी महोत्सव रात्रभर चालायचा. ध्वनिवर्धकांवर दहाची मर्यादा आल्यापासून (अलीकडे शनिवारी सहसा बारापर्यंत परवानगी असते) उत्तररात्रीचे राग जवळपास गेलेच. म्हणून दुपार सोडू नका. ऑफिस असेल तर पाचातल्या दोन दिवसांची अर्धी रजा टाका.

दुसरी चूक जागेची. भारतीय बैठकीत नंबर नसतात, जो आधी येईल तो बसेल. एकाने लवकर येऊन दहा जणांसाठी सतरंज्या पसरायच्या आणि बाकीच्यांनी निवांत सहाला उगवायचं, हे वागणं बरोबर नाही. सत्तरीच्या आजी दोन वाजल्यापासून रांगेत उभ्या असतात, त्यांना तुमच्या रिकाम्या सतरंजीमागे बसावं लागतं. जेवढे आलात तेवढीच जागा धरा. उशिरा येणारे मागे बसले तर काही बिघडत नाही, मध्यंतरात भेटताच. आणि अगदी पुढे, स्पीकरच्या भिंतीसमोर बसायची धडपड तर मुळीच करू नका. तिसऱ्या दिवशी कान बधिर होतात. ध्वनी सांभाळणारी मंडळी जिथे बसतात, त्याच्या आसपासची जागा बघा. आवाजाचा समतोल ती तिथे बसूनच साधत असतात, त्यामुळे तानपुरा आणि तबल्याची चाट (काठावरचा बोल) तिथे स्वच्छ ऐकू येते.

आता उठण्याबद्दल, कारण इथे घोळका सर्वांत जास्त त्रास देतो. एकाला भूक लागते आणि सहा जण उठतात. विलंबित म्हणजे संथ लयीतल्या एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक फेरा) कधीकधी मिनिटभर चालतं. गायक एकेक स्वर जोडत समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे निघालेला असतो, मागच्या पन्नास जणांचा श्वास त्या समेवर टांगलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच सहा डोकी मधून निघून जातात. समेवर दाद द्यायची राहते ती राहतेच, पुढचं आवर्तन बसेपर्यंत लक्षही परत लागत नाही. उठायचंच असेल तर विलंबित संपून द्रुत (जलद) बंदीश सुरू होताना उठा. वाद्य असेल तर ‘आलाप’, ‘जोड’ आणि ‘झाला’ हे तबल्याशिवायचे भाग संपून तबला सुरू व्हायच्या आधीची फट असते. परत आल्यावरही मागे उभं राहा आणि ती चीज संपली की जागेवर या.

दोन कलाकारांच्या मध्ये सगळा मंडप खाण्याच्या स्टॉलकडे धावतो. तिथे रांगेत अडकलात तर पुढच्या आलापाची पहिली दहा मिनिटं गेली, आणि रागाची ओळख तर तिथेच होते. त्यासाठी पाळी लावा: दोघांनी जायचं, सगळ्यांचं आणायचं, पुढच्या वेळी दुसरे दोघे. पिशवीत दशम्या-चटणी, गूळपोळी, खजूर असं कोरडं काहीतरी ठेवा. पाकिटं कुरकुरत फोडायची गोष्ट मात्र मध्यंतरातच.

थंडीचा अंदाज तर जवळपास सगळ्यांचाच चुकतो. दुपारी मंडपात घाम येतो, पारा तिशीला टेकलेला असतो, म्हणून लोक सुती कुर्त्यात येतात. रात्री पुण्याचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि जमिनीतला गारवा सतरंजीतून वर चढतो. शाल आणि कानटोपी लागतेच, पण मोजे विसरू नका, कारण बैठकीवर चप्पल-बूट काढलेले असतात. ते काढलेले बूट कापडी पिशवीत घालून स्वतःजवळच ठेवा. रात्री दहा वाजता दाराशी शेकडो जोड्यांमधून आपला शोधताना ग्रुप पांगतो. कंबर धरत असेल तर पाठीला आधार देणारी घडीची बैठक आणा, किंवा सरळ खुर्चीचं तिकीट काढा. त्यात कमीपणा कसला?

ग्रुपमध्ये पहिल्यांदाच येणारा मित्र असेल तर त्याच्यावर पाचही दिवस लादू नका. त्याला एका दिवसाचं तिकीट काढून द्या आणि त्या दिवशी एक गायन, एक वाद्य असं मनापासून ऐकू द्या. गाणं चालू असताना ‘हा कोणता राग, ओळख’ असं कानात विचारू नका, घराण्यांचा इतिहासही सांगू नका. आधी चहा पिताना एवढंच सांगा की तबल्याकडे लक्ष ठेव आणि सम कुठे येते ते बघ. एकदा ती सापडली की तो आपोआप रमतो. ज्याला कंटाळा आला त्याला उठून जायची मुभा असू द्या. छायाचित्रांचं प्रदर्शन असतं, पुस्तकांचे, वाद्यांचे स्टॉल असतात, तिथे त्याचा तास छान जाईल.

फोन सायलेंटवर टाका. थरथरणाऱ्या फोनचा आवाजही शांत आलापीत चार ओळी मागे पोचतो. रेकॉर्डिंग करू नका. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून भेटायची एक जागा आणि वेळ आधी ठरवा. महोत्सव शनिवार पेठेतल्या रमणबागेतून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आला, त्याला काही वर्षं झाली, तरी जुन्या सवयीने शनिवार पेठेत जाऊन उभे राहणारे असतात. बाहेरगावच्या मित्राला पत्ता नीट पाठवा. चारचाकी टाळा, स्वारगेटला मेट्रोने उतरलात तर तिथून रिक्षाने पाच-दहा मिनिटं. शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते जातानाच बघून घ्या.

परतीच्या तिकिटाची चूकही दर वर्षी होते. रविवारी रात्री साडेनऊची बस आणि म्हणून आठला उठायचं! पंडित भीमसेन जोशींनी हा महोत्सव १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला, आणि त्याची सांगता आजही सवाई गंधर्वांच्या आवाजातल्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने होते. ती ऐकल्याशिवाय उठू नका. बस सोमवारी सकाळची काढा, आणि ग्रुपमधल्या पुणेकरांनी त्या रात्री पाहुण्यांची झोपायची सोय आधीच करून ठेवा.