मोकळी मेमरी आहे, पण सलग किती? लिनक्स कर्नलची दप्तरनोंद कशी वाचायची

गावातल्या शाळेत किंवा अभ्यासिकेत ४ जीबी रॅमचं जुनं यंत्र आहे, त्यावर लिनक्स चालतो. दीडशे-पावणेदोनशे एमबी मोकळी दिसते, तरी वायफाय किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) ‘पेज ॲलोकेशन फेल्युअर’, म्हणजे मागितलेली मेमरी मिळाली नाही, असं लिहून अडतो. नवी रॅम आणायला तालुक्याची एसटी धरण्याआधी आहे ती रॅम कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, कशी मांडली आहे ते बघा. नोंदी यंत्रातच असतात.

कर्नल रॅम मोजतो ती पानांत. नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रावर एक पान ४०९६ बाइटचं, म्हणजे ४ जीबीची १०,४८,५७६ पानं. प्रत्येक पानाचा जणू वेगळा सातबारा असतो: पान कोणत्या कामात आहे, किती जणांनी धरलं आहे, त्यातला मजकूर डिस्कवर लिहायचा राहिला आहे का. ६४-बिट यंत्रावर ही एकेक नोंद साधारण ६४ बाइटची, म्हणजे नुसत्या दप्तरालाच ६४ एमबी लागते. बायोसने राखलेला आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सने घेतलेला भाग वेगळाच. म्हणून ‘फ्री’ कमांडच्या ‘टोटल’मध्ये पूर्ण ४ जीबी दिसली नाही तर रॅम खराब झाली असं समजू नका.

पुढे या पानांचे झोन, म्हणजे पत्त्यानुसार भाग, पडतात. पहिले १६ एमबी ‘डीएमए’, तिथून ४ जीबीच्या पत्त्यापर्यंत ‘डीएमए३२’, त्यावरचा ‘नॉर्मल’. ४ जीबीच्या यंत्रातही थोडा ‘नॉर्मल’ झोन दिसू शकतो, कारण ४ जीबीच्या खालचे काही पत्ते उपकरणांना दिलेले असतात आणि तेवढी रॅम वरच्या पत्त्यावर सरकते. ‘डीएमए’ झोनमधली मोकळी पानं साध्या प्रोग्रामला सहसा मिळत नाहीत. ती जुन्या उपकरणांसाठी मुद्दाम राखलेली असतात. हिशेबात ती धरू नका.

खरी गोम पुढे आहे. झोनमधली मोकळी पानं ‘बडी’ पद्धतीने ठेवतात: १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे, १०२४ पानांपर्यंतचे, म्हणजे ४ एमबीपर्यंतचे सलग तुकडे. लहान तुकडा हवा आणि नसला, तर मोठ्याची वाटणी होते, बरोबर अर्धी. तुकडा परत आला की जोडला जातो तो फक्त त्याच वाटणीतल्या भावाशी. शेजारी धुरा लागून आहे म्हणून वावर एक होत नाही. आठ पानांचे तुकडे घ्या: ८ ते १५ चा भाऊ ० ते ७, आणि १६ ते २३ चा भाऊ २४ ते ३१. मधले दोन्ही मोकळे असले तरी भाऊ अडकलेले असतील तर सोळाचा तुकडा बनत नाही.

हे डोळ्यांनी पाहायला टर्मिनलमध्ये ‘कॅट’ कमांडने ‘प्रॉक’ फोल्डरातली ‘बडीइन्फो’ फाइल उघडा. प्रत्येक झोनच्या ओळीत सहसा ११ आकडे असतात. डावीकडून पहिला सुट्या पानांचा, दुसरा जोड्यांचा, तिसरा चारच्या तुकड्यांचा. समजा ‘डीएमए३२’ समोर ३२०००, ६०००, ४००, १० आणि पुढे सगळी शून्यं आहेत. बेरीज करा: १२८००० अधिक ४८००० अधिक ६४०० अधिक ३२०, म्हणजे १८२७२० केबी, जवळपास १७८ एमबी मोकळी. पण ६४ केबीचा सलग तुकडा एकही नाही. वेळ असेल तर कर्नल पानं हलवून जागा करतो. इंटरप्टमध्ये, म्हणजे उपकरणाच्या तातडीच्या हाकेला उत्तर देत, असलेल्या ड्रायव्हरला मात्र थांबता येत नाही, तो तिथेच नापास होतो. लॉगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) ‘ऑर्डर’पुढचा आकडा ४ असेल तर मागणी १६ पानांची, म्हणजे ६४ केबीची होती.

नोंद कधी घेता यालाही महत्त्व आहे. लाइन जाऊन-येऊन यंत्र नुकतंच सुरू झालं असेल तर बहुतेक मोकळी जागा मोठ्या तुकड्यांतच दिसेल आणि दोष झाकला जाईल. पाच-सहा तास नेहमीचं काम झाल्यावर आकडे लिहून घ्या.

दुरुस्तीसाठी आधी ‘प्रॉक, सिस, व्हीएम’ या वाटेवरच्या ‘कॉम्पॅक्ट मेमरी’ फाइलमध्ये १ लिहा, म्हणजे कर्नल पानं हलवून सलग जागा करायला लागतो. इथे हमखास चूक होते: ‘सुडो इको’ करून बाणाने फाइलकडे वळवलं तर परवानगी नाकारली जाते, कारण फाइल उघडतो तुमचा साधा शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम), ॲडमिनचे अधिकार देणारा सुडो नव्हे. ‘इको’चं उत्तर पाइपने ‘सुडो टी’कडे द्या. मग बडीइन्फो पुन्हा वाचा. उजवीकडचे आकडे वाढले नाहीत तर न हलणारी पानं वाटेत आहेत, बहुधा कर्नलच्या स्वतःच्या स्लॅबची, म्हणजे तो आपल्या छोट्या नोंदी ठेवतो त्या जागेची. ‘स्लॅबटॉप’मध्ये डेंट्री आणि आयनोड (फाइलांची नावं आणि माहिती यांच्या मेमरीतल्या नोंदी) वर दिसत असतील तर ‘सिंक’ करून त्याच वाटेवरच्या ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये २ लिहा आणि पुन्हा कॉम्पॅक्ट करा. हे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) रोज लावू नका. कॅश रिकामी झाली की जुनी हार्डडिस्क पुन्हा सगळं वाचत बसते.

त्याच वाटेवरचा ‘मिन फ्री केबाइट्स’ हा आकडाही पाहा. कर्नल किती केबी मोकळी राखू पाहतो ते तो सांगतो, आणि ‘मिन’, ‘लो’, ‘हाय’ या पातळ्या त्यावरूनच ठरतात. मोकळी पानं ‘लो’ पातळीखाली गेली की ‘केस्वॅपडी’ (मागे राहून पानं मोकळी करणारा कर्नलचा भाग) जागा होतो आणि ‘हाय’पर्यंत जागा करतो, ‘मिन’खाली गेली तर मागणाऱ्या प्रोग्रामलाच पानं सोडवत बसावं लागतं, आणि टाइप करताना पडदा गोठतो. ४ जीबीवर हा आकडा ८१९२ च्या आसपास असेल तर ६५५३६ करून बघा. आधीच तेवढा असेल तर हात लावू नका. फार वाढवला तर वापरायची रॅम कमी होऊन ‘ओओएम किलर’ चालू प्रोग्राम मारतो.

एवढं करूनही ड्रायव्हर अडलाच तर तो यंत्र सुरू होतानाच लोड करा आणि उपकरण लावूनच ठेवा. त्या वेळी मोठे तुकडे शाबूत असतात आणि बरेच ड्रायव्हर आपला बफर तेव्हाच घेऊन ठेवतात.