सरकती धावपट्टी: ‘थंडरबर्ड्स’सारखं विमान घरात उतरवायचं तर

मी इचलकरंजीचा. चाळीस वर्षं यंत्रमागांची दुरुस्ती केली. पुतणीने एका रविवारी मोबाईलवर ‘थंडरबर्ड्स’ या बाहुल्यांच्या जुन्या इंग्रजी मालिकेचा पहिला भाग लावला. फायरफ्लॅश नावाच्या अणुशक्तीवरच्या विमानात बॉम्ब लपवलेला असतो आणि चाकं जमिनीला टेकली की तो फुटणार असतो. म्हणून धावपट्टीवर सुसाट धावणाऱ्या तीन गाड्यांच्या पाठीवर ते विमान अलगद उतरवतात. पुतणी श्वास रोखून बघत होती. मी ओरडलो, “अगं, विमान जागचं हलत नाहीये! खाली पट्टा फिरतोय!”

खरंच तसं होतं. लंडनच्या पश्चिमेला स्लाउ गावातल्या औद्योगिक वसाहतीत, स्टर्लिंग रोडवरच्या शेडमध्ये गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांच्या कंपनीने ही मालिका काढली. पहिलं प्रक्षेपण 30 सप्टेंबर 1965चं, एकूण भाग 32. विमानं, रॉकेटं, स्फोट हे सगळं डेरेक मेडिंग्ज यांचं काम. टेबलावरून विमान ओढलं तर टेबल दोन क्षणांत संपतं. म्हणून त्यांनी विमान तारांवर एका जागी टांगलं आणि खालची धावपट्टीच रोलरवर फिरवली.

मालिकेची कल्पनाही मला फार जवळची वाटते. 1963च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत लेंगेडं इथल्या लोखंडाच्या खाणीत पाणी घुसलं. आत अडकलेल्यांपर्यंत भोक पाडायचं अवजड यंत्र लांबून आणावं लागलं आणि शेवटचे 11 जण चौदा दिवसांनी वर आले. अशी यंत्रं कायम सज्ज असती तर, या विचारातून मालिकेतलं, संकटातल्या लोकांना सोडवणारं ट्रेसी कुटुंब आणि त्यांची ‘थंडरबर्ड’ नावाची पाच यानं जन्मली. 2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा गच्चीवर बसून बोटीची वाट मी पाहिली आहे. म्हणून सुटकेची गोष्ट सांगणाऱ्या या बाहुल्यांवर माझा जीव आहे.

आता तशीच फिरती धावपट्टी घरी करायच्या कामाला लागू.

75 मिलीमीटरचे पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकी दीड फुटाचे. दोन्ही टोकांना लाकडी गट्टू ठोकून मधून सळई घाला, सळई बेअरिंगमध्ये बसवा. दोन रोलरमधलं अंतर साधारण 138 सेंटीमीटर ठेवा, म्हणजे पट्ट्याचा घेर बरोबर 3 मीटर होतो. हा आकडा का, ते पुढे कळेल. एका रोलरच्या बेअरिंगला पुढे-मागे सरकायला खाच ठेवा, ताण तिथूनच द्यायचा. रोलरच्या मधोमध इन्सुलेशन टेपचे पाच-सहा वेढे मारा, कडेला कमी करत आणा. रोलर मध्ये जरासा फुगीर असला की पट्टा आपोआप मधोमध राहतो. सपाट रोलरवर तो सरकत सरकत कडेला जातो आणि घडी पडते.

पट्ट्याला जाड मांजरपाट घ्या आणि उभे धागे लांबीच्या दिशेने येतील असं कापा. आडवं कापलं तर कापड ताणलं जाऊन झोळ पडतो.

खरी परीक्षा जोडाची. पहिल्या खेपेला मी घाईत मशीनची सरळ शिवण मारली. फेऱ्याफेऱ्याला ‘ठक’ आणि विमानाखालून एक आडवी रेघ उडी मारून जायची. पुतणी म्हणाली, “काका, हा तर स्पीडब्रेकर दिसतोय.” मग यंत्रं फिरवणाऱ्या जुन्या चपट्या पट्ट्यांचा जोड आठवला. दोन्ही टोकं तिरकी कापायची, 45 अंशांत. दोन सेंटीमीटर एकावर एक घ्यायची आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन दोन्हीकडे लावून, सुकू देऊन, दाबायची. वरच्या थराची कड धावण्याच्या दिशेला पाठ करून असू दे, नाहीतर ती उचलली जाते. तिरका जोड रोलरवर एकदम न येता इंच इंच चढतो, म्हणून दणका बसत नाही. वरून भिंतीचा राखाडी रंग पातळ करून दोन हात. पांढरे पट्टे समान अंतरावर मारा आणि एकही वेगळा डाग ठेवू नका. तोच डाग दर फेऱ्याला दिसला की प्रेक्षकाला गुपित कळतं.

फिरवायला शिलाई मशीनची मोटर उत्तम, कारण पायाखालच्या पट्टीने वेग कमी-जास्त होतो. मोटरला छोटी पुली, रोलरला तिच्या सातपट मोठी. पुलीवर पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं झाकण हवंच. ओढणी, मोकळे केस, सैल बाही जवळ नकोत, आणि पट्टा नीट करायचा तर आधी प्लग काढा. मागावर बोटं गेलेली मी पाहिली आहेत.

आता वेगाचा हिशेब. आमचं विमान 40 सेंटीमीटरचं, म्हणजे 40 मीटरच्या विमानाचा शंभरावा भाग. मोबाईलवर सेकंदाला 120 चित्रं घेतली आणि 25ने दाखवली, तर सगळं जवळजवळ पाचपट संथ होतं. पट्टा सेकंदाला 3 मीटर धावला की पडद्यावर तो वेग ताशी 225 किलोमीटर भासतो, आणि विमान उतरायला हा वेग शोभतो. पट्ट्याचा घेर 3 मीटर ठेवला तो यासाठीच: जोड एका सेकंदात एकदा दिसला की वेग बरोबर. त्या एका सेकंदाचे पडद्यावर जवळजवळ पाच सेकंद होतात. म्हणजे विमान खाली येणं, टेकणं, धूळ उडणं, सगळं एका सेकंदात करायचं. आधी मोटर बंद ठेवून पंचवीसदा तालीम करा.

पडणं, कोसळणं हे सेकंदाला 240 चित्रांवर घ्या. लहान वस्तू झटकन पडते, आणि त्यावरूनच ती खेळणं आहे हे डोळा ओळखतो. शंभरावा भाग असेल तर शंभराचं वर्गमूळ, म्हणजे दहापट संथ केलं की वजन येतं. 240ला ते जवळपास साधतं.

विमान पुठ्ठ्याचं चालेल, पण नवंकोरं नको. मेडिंग्ज यांची माणसं प्रत्येक मॉडेल मुद्दाम मळवायची. शिसपेन्सिल पॉलिश पेपरवर घासून पूड करा आणि बोटाने चाकांजवळ, इंजिनामागे, पत्र्याच्या जोडांवर चोळा, हवा वाहते त्या दिशेने. बारीक नक्षीला घरातलंच सामान घ्या. थंडरबर्ड 1च्या तळाच्या भिंतीवर त्यांनी चक्क लिंबू पिळायचं यंत्र बसवलं होतं.

टांगायला बारीक तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, चार जागी. ती चमकते, म्हणून मागच्या आकाशाच्या रंगाने रंगवा, स्लाउला तारा अशाच रंगवायचे. आकाश वेगळ्या कापडावर काढून मागे उभं लावा. जमलं तर त्यालाही दोन उभे रोलर द्या आणि हाताने अगदी हळू फिरवा.

मोबाईल उलटा धरून पट्ट्याच्या कडेला टेकवा, म्हणजे कॅमेरा खाली येतो. शंभराव्या भागात उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड-पावणेदोन सेंटीमीटरवर. तिथून विमान डोंगराएवढं दिसतं. उजेड सूर्याचाच घ्या. घरातले दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात आणि 120च्या चित्रात ते लुकलुकतं. आम्ही सकाळी दहाला दाराशी टेबल लावलं, कारण गच्चीवर वाऱ्याने विमान डोलत होतं.

धुळीला मुलतानी माती, किराणा दुकानातली. सरबताच्या नळीत चिमूटभर भरून, नाकाला रुमाल बांधून चाक टेकताना फुंकायची, आणि फुंकून झालं की लगेच बाजूला व्हायचं. तिचा कण इतका बारीक की लोट हवेत तरंगतो. पिठाचे गोळे पडतात.

आणि काही बिघडलं तरी चित्रण थांबवू नका. फायरफ्लॅशच्या त्या प्रसंगात एका गाडीची तार तुटली आणि ती भलतीकडेच गेली. ते चित्र फेकून न देता त्यांनी गोष्टीतच घेतलं. आमच्या अकराव्या खेपेला डाव्या पंखाची तंगूस सुटली, पंख पट्ट्याला घासला आणि विमान गर्रकन फिरून धुळीत आडवं झालं. पुतणी पाय मोटरच्या पट्टीवरून काढणार तेवढ्यात मी म्हणालो, “चालू दे, चालू दे!” आता ती त्याच चित्राला जोडायला आगीचा बंब बनवते आहे, काडेपेटीचा, लाल, मळवलेला.