शाळांची माहिती वर जाते, परत येत नाही: राज्य पातळीवरच्या या चुका टाळा

तालुक्याच्या गट साधन केंद्रात मी बरीच वर्षं शाळांच्या माहितीचं काम केलं. युडायसचे, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती दरवर्षी जमवणाऱ्या सरकारी नोंदीचे, अर्ज तपासायचे, त्रुटी काढून परत पाठवायचे, लॉगिन अडलं की मुख्याध्यापकांना फोनवर वाट दाखवायची. पासवर्ड विसरल्याचे फोन रोजचेच होते. मनात राहिला तो मात्र एका द्विशिक्षकी शाळेच्या बाईंचा प्रश्न: "सर, दरवर्षी सगळं भरतो आम्ही. पण आमच्या शाळेचं काय आलं, ते कोणी सांगतच नाही." त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राज्य पातळीवर बसून माहिती मागवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. खालच्या बहुतेक चुका चांगल्या हेतूनेच होतात आणि त्या दुरुस्त करायला फार पैसाही लागत नाही.

माहिती वर नेऊन तिथेच ठेवणं

१९९० च्या दशकाच्या मध्यात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर डायस ही शाळांच्या माहितीची नोंद आली, २०१२-१३ पासून पहिली ते बारावीचं एकत्रित युडायस झालं, २०१८-१९ पासून युडायस प्लस आणि २०२२-२३ पासून तर एकेका विद्यार्थ्याच्या नावानिशी नोंद. एवढं सगळं शाळा भरतात. पण २०२२-२३ चा राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला डिसेंबर २०२४ मध्ये. त्या वर्षी पहिलीत असलेलं मूल तोवर तिसरीत पोचलं होतं. धोरण आखणाऱ्याला तो अहवाल उपयोगी पडेल, पण वर्गावरच्या शिक्षकासाठी ती वेळ निघून गेलेली असते.

चाचण्यांचंही तसंच. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, पुढे संकलित एक आणि दोन. शिक्षक पेपर तपासतात, प्रत्येक मुलाचे गुण मोबाइलवरून भरतात, नेटवर्क नसेल तर गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन भरतात. परत येते ती टक्केवारी: तुमच्या वर्गाची सरासरी अमुक, तालुक्याची तमुक. चौथीच्या बाईंना हवं असतं वेगळंच. हातच्याच्या वजाबाकीत कोणती सात मुलं अडली? उतारा वाचून उत्तर लिहिताना कोण थांबलं? ही माहिती त्यांनीच भरलेल्या गुणांत दडलेली असते. ती उलगडून परत देण्याचं काम राज्याच्या यंत्रणेचं आहे.

उपाय साधा आहे. चाचणी संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक शाळेला एक पान जावं, मराठीत, छापता येईल असं. त्यावर मुलांची नावं आणि ती कुठल्या कौशल्यावर अडली एवढंच असावं. रंगीत आलेख नसले तरी चालेल. आणि पुढच्या केंद्रस्तरीय, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक तास फक्त त्या पानासाठी राखून ठेवावा. केंद्रातल्या आठ-दहा शाळांत हातचा सगळीकडेच अडलेला दिसला, तर शिक्षक आपोआप एकमेकांना विचारतात, "तुम्ही कसं शिकवता?" आकडे कामाला लागलेले मी पाहिले ते अशाच गप्पांमध्ये.

तीच माहिती पुन्हा पुन्हा मागणं

सोमवारी जिल्ह्याकडून एक्सेलचा तक्ता येतो: मुला-मुलींची स्वच्छतागृहं किती? बुधवारी दुसऱ्या विभागाची गूगल लिंक येते: स्वच्छतागृहं किती, त्यात पाणी आहे का? शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर निरोप: "अत्यंत तातडीचे, आज सहापर्यंत." ही तिन्ही उत्तरं युडायसमध्ये आधीच भरलेली असतात. मग पुन्हा का विचारतात? मागणाऱ्या कार्यालयाकडे युडायसचं लॉगिन नसतं, किंवा असलं तरी त्यातून हवी ती यादी काढता येणारं माणूस नसतं. शाळेला फोन करणं सोपं वाटतं, कारण त्याची किंमत वर्गातली मुलं मोजतात आणि ती किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना लावण्यास मनाई करतं. ऑनलाइन माहिती भरणं शैक्षणिक की अशैक्षणिक, हा वाद शिक्षक संघटना आणि शासन यांच्यात जुना आहे. मला वाटतं, वादाची गरज कमी करता येईल. प्रत्येक शाळेला अकरा अंकी युडायस क्रमांक आहे, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होणारा. तोच क्रमांक पोषण आहार, शिष्यवृत्ती, गणवेश, बांधकाम अशा सगळ्या याद्यांमध्ये सक्तीने वापरला तर याद्या एकमेकींना जोडता येतात. शिवाय राज्य पातळीवर एकाच अधिकाऱ्याकडे अधिकार असावा की नवीन तक्ता शाळेपर्यंत जाईल की नाही. त्याने आधी एवढंच विचारायचं: हे आपल्याकडे आधीपासून आहे का? असेल, तर मागणी तिथेच थांबवायची.

ज्या आकड्यावर नोकरी अवलंबून, तोच आकडा सत्य मानणं

ही सर्वांत मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन. म्हणजे साठ आणि एकसष्ट यांच्यामध्ये एक अख्खा शिक्षक उभा आहे. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर, ही ठरते पटावर आणि पट भरतात मुख्याध्यापक, ज्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी त्या एका मुलामुळे अतिरिक्त ठरू शकतो. खरा आकडा लिहिण्याची किंमत आपण इतकी वाढवली की तो फुगणारच होता. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली आणि कागदावर असलेली, वर्गात नसलेली मुलं मोठ्या संख्येने उघडी पडली.

त्यानंतर भर आला आधारवर. दुबार नावं पकडायला त्याचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं. पण एक नवी अडचण तयार झाली. जनरल रजिस्टरमधलं, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं, नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही, जन्मतारखेत फरक निघाला, की त्या मुलाची नोंद अवैध होते. वीटभट्टीवर जन्मलेलं, जन्मदाखला नसलेलं मूल रोज पहिल्या रांगेत बसतं आणि मोजणीत नसतं. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. संच मान्यतेच्या तक्त्यातही या निकालाचा आत्मा उतरला पाहिजे. आधार न जुळलेल्या मुलांसाठी केंद्रप्रमुखाने वर्गात जाऊन केलेली प्रत्यक्ष पडताळणी ग्राह्य धरावी. आणि एका वर्षाच्या एका मुलावरून पद घालवू नये. तीन वर्षांच्या पटाची सरासरी धरली तर एकसष्टाव्या मुलाचा भार कमी होईल आणि खरं लिहिणं सोपं होईल.

चाचण्यांनाही हाच नियम लागू आहे. ज्या गुणांवरून शाळेचा क्रमांक लागणार, कोणाला नोटीस जाणार, ते गुण शिक्षक स्वतः भरणार असतील तर त्यांतून मुलांचं शिकणं कळत नाही. मध्य प्रदेशात प्रतिभा पर्व या राज्यस्तरीय चाचणीनंतर संशोधकांनी स्वतंत्रपणे मुलांना तपासलं, तेव्हा अधिकृत गुण बरेच फुगलेले निघाले. तिथले शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ मी काढत नाही. घाबरलेला माणूस सुरक्षित आकडा लिहितो. वर्गातल्या मदतीसाठीची चाचणी आणि जिल्ह्याची स्थिती मोजण्याचं सर्वेक्षण ही दोन वेगळी कामं ठेवा. वर्गातल्या चाचणीचे गुण क्रमवारीत कधीच वापरणार नाही, असं लेखी द्या आणि पाळा. सर्वेक्षणासाठी डाएटकडून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून) थोड्या शाळांचा नमुना घेऊन बाहेरच्या माणसांनी चाचणी घ्यावी.

एका तारखेचा फोटो वर्षभर वापरणं

आपल्याकडे पट म्हणजे ३० सप्टेंबरचा पट. आता बीड जिल्ह्यातलं किंवा पाथर्डी तालुक्यातलं ऊसतोड मजुरांचं गाव डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबरअखेर सगळी मुलं गावातच असतात, वर्ग भरलेला असतो. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात, ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात आणि आईबापांबरोबर मुलंही पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. जानेवारीत त्याच वर्गात निम्मी बाकं रिकामी दिसतात. राज्याच्या नोंदीत मात्र ती मुलं अजून त्या वर्गात बसलेली असतात.

हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धतही आहे. अडतं ते नोंदीत. युडायस प्लसमध्ये मूल एक तर शाळेत असतं, नाहीतर शाळा सोडून ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, जातं. गावातली शाळा त्याला सोडायला तयार नसते, कारण पट कमी होतो आणि मूल उन्हाळ्यात परतणारच असतं. कारखान्याजवळची शाळा त्याला बसवून घेते, पण पटावर घेऊ शकत नाही. मग त्याच्या वाटचं पुस्तक, त्याची परीक्षा, सगळं अधांतरी. एका कोयत्याच्या (ऊसतोड जोडप्याच्या) मागे गेलेली तिसरीची मुलगी मे महिन्यात परत आली, तेव्हा ती पाच महिने कुठल्या शाळेत बसली होती हे तिच्या वर्गशिक्षकांना तिनेच तोंडी सांगितलं. यंत्रणेला माहीत नव्हतं.

त्या मुलीसाठी तिसरा रकाना हवा: 'हंगामी बाहेर, परतणार'. मूळ शाळेचा पट त्यामुळे घटू नये आणि तात्पुरत्या शाळेला त्या मुलाची हजेरी आणि चाचणी कायम शिक्षण क्रमांकावर (प्रत्येक मुलाला युडायस प्लसमध्ये मिळणाऱ्या क्रमांकावर) नोंदवता यावी. हा क्रमांक देशभर एकच असल्याने कर्नाटकातली शाळाही नोंद करू शकेल, पण त्यासाठी दोन राज्यांनी बसून ठरवावं लागेल. आणि फेब्रुवारीत एक दुसरी मोजणी हवी. निदान स्थलांतराच्या तालुक्यांत तरी.

न जुळणारे आकडे शेजारी ठेवणं

युडायस प्लसनुसार देशातली शाळकरी मुलं २०२१-२२ मध्ये २६.५२ कोटी, २०२२-२३ मध्ये २५.१८ कोटी, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी. पावणेदोन कोटी मुलं शाळेतून गेली, असा अर्थ लगेच काढला जातो. पण मधल्या काळात मोजण्याची पद्धतच बदलली, शाळेच्या एकूण आकड्याऐवजी नावानिशी नोंद सुरू झाली. दुबार नावं गळणं आणि मुलं गळणं या दोन घटना त्या घसरणीत एकमेकींत मिसळल्या आहेत. पद्धत बदलली की त्या वर्षाच्या प्रत्येक तक्त्यावर ठळक अक्षरांत तसं लिहावं.

मुलांचं शिकणं मोजणारी असर आणि परख राष्ट्रीय सर्वेक्षण यांचंही असंच. असर हे ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केलेलं सर्वेक्षण आहे, त्यात शाळेत न जाणारं मूलही सापडतं. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं परख सर्वेक्षण शाळेत, निवडक शाळांच्या तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांत झालं. ते जिल्ह्याचं चित्र देतं. त्यावरून एखाद्या मुख्याध्यापकाला जाब विचारणं चूक आहे, त्याची शाळा कदाचित नमुन्यातच नसेल.

आणि छोट्या शाळांच्या टक्केवारीपासून सावध राहा. सहा मुलांच्या वर्गात एक मूल आजारी पडलं तर निकाल सतरा टक्क्यांनी खाली येतो. अशा ठिकाणी टक्के छापूच नयेत, मुलांची संख्या लिहावी.

मुलांची माहिती ग्रुपवर फिरवणं

नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, आईचा मोबाइल, जात, सगळं एका एक्सेलमध्ये आणि ते एक्सेल शंभर जणांच्या ग्रुपवर. हे आजही घडतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीवर भर दिला आहे. विद्यार्थ्याच्या अपार ओळख क्रमांकासाठीही पालकांचं संमतीपत्र लागतं. राज्याने सुरक्षित मार्ग दिला नाही तर तालुका व्हॉट्सअॅपच वापरणार. म्हणून मनाईचं पत्र काढण्याआधी फाइल पाठवायची सोय करा.

रिकामा रकाना आणि शून्य

शेवटी अगदी रोजची एक गडबड. एखाद्या तालुक्याचा आकडा अचानक कोसळला किंवा चढला, तर कारवाईचं पत्र काढण्याआधी मूळ नोंद उघडून बघा. 'शून्य' म्हणजे नाही, आणि 'रिकामं' म्हणजे भरलंच नाही. संगणकात एकत्र करताना दोन्ही शून्य होतात. एकदा आमच्या तालुक्यात दिव्यांग मुलांची संख्या एका वर्षात निम्म्यावर आली. जिल्ह्याकडून विचारणा झाली. शोध घेतला तेव्हा कळलं की नव्या प्रपत्रात तो रकाना दुसऱ्या पानावर गेला होता आणि बऱ्याच शाळांनी ते पान उघडलंच नव्हतं. मुलं तिथेच होती, पण त्या आकड्यावरून साहित्य, उपकरणं आणि विशेष शिक्षकांच्या भेटी ठरणार होत्या.

त्या रात्री मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने बसून एकेका शाळेला फोन केले. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला सांगितलेल्या द्विशिक्षकी शाळेच्या बाईंनाही फोन लागला. त्यांच्या शाळेतला कमी ऐकू येणारा मुलगा यादीत नव्हता. तो कुठे नोंदवायचा ते त्यांना सांगितलं आणि नोंद झाल्यावर त्यांच्या शाळेचं पूर्ण पान छापून पाठवलं. त्यांनी त्यात आणखी दोन चुका शोधून दिल्या.