घरात वायफायवर, दाराबाहेर टॉवरवर: बोलता बोलता फोन कट होऊ नये म्हणून

आमच्या गावच्या घरात फोन वाजला की माणूस आधी चपला शोधतो. चिऱ्याच्या जाड भिंती, पाठीमागे डोंगर, रेंज काय ती खळ्यातल्या तुळशीपाशी. मग घरात फायबर आलं. पोरं ओटीवर लोळत क्रिकेट बघायला लागली, पण काकू मात्र भर पावसात छत्री धरून तुळशीपाशीच बोलत उभी. उपाय तिच्या हातातल्या फोनमध्येच होता, फक्त बंद होता. त्याचं नाव वायफाय कॉलिंग.

हा व्हॉट्सअॅप कॉल नव्हे. नंबर आपला नेहमीचाच, डायलरही तोच. समोरच्याकडे साधा फोन असो की लँडलाइन, त्याला काहीच करावं लागत नाही. एवढंच होतं, की आवाज टॉवरऐवजी घरच्या राऊटरमधून निघतो आणि इंटरनेटवरच्या कुलूपबंद वाटेने सिम कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोचतो. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीपासून ही सोय सुरू केली, जिओने जानेवारी २०२० मध्ये. देशातल्या कॉलला वेगळे पैसे पडत नाहीत, नेहमीच्या प्लॅनमध्येच धरतात. डेटा मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे नगण्य.

चालू कसं करायचं

आधी त्या सिमसाठी व्होएलटीई, म्हणजे फोर-जीवरून कॉल करायची सोय, चालू आहे ना ते बघा. मग आयफोनवर सेटिंग्जमधल्या मोबाइल सेवेच्या पानावर जाऊन ‘वायफाय कॉलिंग’ उघडा आणि ‘या आयफोनवर’ असं लिहिलेलं बटण चालू करा. सॅमसंगवर सेटिंग्ज, मग कनेक्शन्स, तिथे वायफाय कॉलिंग. बाकी अँड्रॉइडवर कंपनीगणिक जागा बदलते. बहुतेक ठिकाणी ती सिमच्या पानावर असते. शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत हेच दोन शब्द लिहा, लगेच सापडतं. दोन सिम असतील तर दोन्हींवर वेगवेगळं चालू करावं लागतं. इथे बरेच जण फसतात: एका सिमवर चालू करतात आणि फोन येतात दुसऱ्यावर.

पर्याय दिसतच नसेल तर फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करून फोन बंद-चालू करा. तरीही नसेल, तर तो फोन त्या सिमवर ही सोय देत नाही असं समजा. कस्टमर केअरला एकदा विचारा आणि सोडून द्या.

खरंच चाललंय का?

एअरप्लेन मोड चालू करा. वायफाय बंद झालं तर ते तेवढं परत चालू करा. मिनिटभर थांबा आणि घरातल्याच कुणाला तरी फोन लावा. टॉवरशी संबंध तुटलेला असूनही फोन लागला, म्हणजे काम झालं. बहुतेक फोनवर वरच्या पट्टीत वायफायची खूण किंवा शब्दही दिसतो. तपासून झालं की एअरप्लेन मोड आठवणीने काढा. तो तसाच ठेवून बाहेर पडलात तर दिवसभर तुमचा फोन बंद लागणार, आणि घरचे काळजीत.

खरी परीक्षा उंबरठ्यावर

घरात बसून बोललात तर प्रश्नच नाही. बोलत बोलत बाहेर निघालात की अदलाबदल होते, आणि ती फोन स्वतःच करतो. वायफाय क्षीण झालं की तो कॉल टॉवरकडे सोपवतो, सेकंदभर आवाज जातो आणि परत येतो. पण त्याला एक अट आहे: ज्या जागी वायफाय संपतं, तिथे फोर-जी किंवा फाइव्ह-जीवर कॉल घेण्याइतकी रेंज हवी. तिथे नुसती टू-जीची रेंज असेल, तर हा कॉल सहसा टू-जीवर जात नाही, तुटतो. आणि मध्ये दहा पावलांचा असा पट्टा असेल, जिथे वायफायही नाही आणि रेंजही नाही, तर कुठलीही सेटिंग त्याला वाचवू शकत नाही.

म्हणून एकदा चालून बघा. घरातल्या कुणाला फोन लावा, आकडे मोजत राऊटरपासून फाटकापर्यंत जा आणि तसेच परत या. शहरात असाल तर लिफ्टही धरा. आवाज कुठे तुटतो ते लक्षात ठेवा. आमच्याकडे तो पट्टा ओटीच्या पायऱ्यांवर होता. राऊटर आतल्या खोलीतून ओटीच्या खिडकीत आणला आणि वायफाय खळ्यापर्यंत पोचलं. एवढंच केलं, नवीन यंत्र काही घ्यावं लागलं नाही. तुमचा राऊटर दोन बँडवर, म्हणजे दोन प्रकारच्या लहरींवर, चालत असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंतींतून लांब जातो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण लवकर अडतो. बोलण्याला वेग लागतच नाही, पोच लागते.

दुसरी तक्रार याच्या उलट: फोन वायफाय सोडतच नाही. पार्किंगपर्यंत मरतुकड्या सिग्नलला चिकटून राहतो आणि आवाज रोबोसारखा होतो. याला दोन उपाय. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय कॉलिंगच्याच पानावर प्राधान्य विचारतात, वायफाय की मोबाइल नेटवर्क. घरात दोन कांड्या तरी रेंज येत असेल तर मोबाइल नेटवर्क निवडा. अजिबात येत नसेल तरच वायफाय. दुसरा उपाय हाताने करायचा: निघताना, जिथे रेंज आलेली दिसते तिथे पोचल्यावर, वरची पट्टी खाली ओढून वायफाय बंद करा. बहुधा कॉल टॉवरवर जातो. रेंज येण्याआधी मात्र बंद करू नका.

बाहेरून बोलत घरात शिरताना फोन घाई करत नाही. टॉवर पकडून ठेवता येतो तोवर तो ठेवतो, आणि ते बरंच आहे. पण घरात शिरताच कॉल मरत असेल तर फोनला वायफाय लागायला पुरेसा वेळ मिळत नाही असं समजा. दारात दहा सेकंद थांबा, वायफायची खूण दिसली की आत जा.

आवाज तुटत असेल तर

आधी बघा, त्या वेळी घरात दुसरं काय चाललंय. कुणाचे फोटो क्लाउडवर चढत असतील किंवा सीसीटीव्ही सतत चित्रण इंटरनेटवर पाठवत असेल तर अपलोडची वाट तुंबते आणि समोरच्याला आपलं बोलणं तुटक ऐकू येतं. फोनवर व्हीपीएन, म्हणजे सगळं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवणारं अ‍ॅप, चालू असेल तर तो बंद करून बघा. वायफाय कॉलिंग अजिबात जोडलं जात नसेल तर बऱ्याचदा तोच दोषी असतो. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर ते चालत नसेल तर तिथल्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कवरच्या पहारेकरी यंत्रणेने, ती वाट अडवलेली असू शकते. तिथे आपण काही करू शकत नाही.

वीज आणि ११२

वीज गेली की राऊटर गेला आणि त्याच्यासोबत घरातली रेंजही. घराला इन्व्हर्टर असेल तर राऊटर आणि फायबरचा डबा, दोन्ही त्याच्यावर घ्या. एकच घेऊन उपयोग नाही. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी तुमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा.

११२ या आपत्कालीन नंबरला फोन करायची वेळ आली आणि रेंज असेल तर टॉवरवरूनच करा. वायफायवरून लागला तर तुम्ही नेमके कुठे आहात हे पलीकडे बरोबर पोचेलच असं नाही. म्हणून आधी गाव, वाडी आणि जवळची खूण सांगा, मग काय झालं ते. काकूने हे तीन शब्द राऊटरच्याच वर भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत.