अमेरिकेत एमएस: वर्ग नोंदवण्याआधी एवढं बघा

पासपोर्ट, आय-20, फी हे कुणाला सांगावं लागत नाही. मी लिहितेय ते एका रकान्यासाठी. वर्गांच्या यादीत ‘इन्स्ट्रक्शन मोड’ असा रकाना असतो, विषय वर्गात शिकवतात की ऑनलाइन ते त्यात लिहिलेलं असतं. पहिल्या सेमिस्टरला मी तो बघितला नाही आणि पहिल्याच आठवड्यात स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे कायदेशीर राहण्याचा हक्क, जायची वेळ आली.

एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, तुमची नोंद दोन ठिकाणी असते: विद्यापीठाच्या पोर्टलवर आणि सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेत. पोर्टल नुसती क्रेडिट मोजतं. बॅचलर्सला किमान 12, एमएसला बहुतेक ठिकाणी 9, तेवढी भरली की ते ‘फुल-टाइम’ दाखवतं. इमिग्रेशनचा नियम मात्र ती क्रेडिट कसली आहेत तेही विचारतो. पूर्ण ऑनलाइन वर्ग असतील तर एका सेमिस्टरला त्यातला एकच विषय किंवा 3 क्रेडिट फुल-टाइमच्या हिशेबात धरतात. माझे तीन विषय, 9 क्रेडिट, त्यातले दोन ऑनलाइन सेक्शन. पोर्टलवर फुल-टाइम, आणि नियमाने माझी क्रेडिट फक्त 6.

मी नोंदणी पुण्यात बसून मोबाइलवर केली. मोबाइलवर विषयाचं नाव, वेळ आणि जागा शिल्लक आहेत की नाही एवढंच दिसत होतं. मोडचा रकाना बोटाने डावीकडे सरकवल्याशिवाय येत नव्हता. वेळेच्या जागी ‘टीबीए’ (नंतर ठरेल) होतं, खोली रिकामी होती. मला वाटलं, नंतर कळवतील. इंटरनॅशनल ऑफिसचा मेल आला गुरुवारी दुपारी, आणि अ‍ॅड-ड्रॉप (विषय बदलायची मुदत) बंद होणार होतं शुक्रवारी. तो अख्खा दिवस मी एका प्राध्यापकांच्या दारात ओव्हरराइडचा (भरलेल्या वर्गात जागा मागण्याचा) फॉर्म घेऊन उभी होते. जागा मिळाली, पण मला हवा असलेला विषय सोडून भलताच घ्यावा लागला आणि त्या सेमिस्टरचं सगळं गणित बदललं.

एक सिनिअर म्हणाला होता, ‘मी तर सगळं ऑनलाइन केलं, कुणी विचारलं नाही.’ त्याचं खरं होतं, पण तो शिकला कोविडच्या काळात. मार्च 2020 पासून दिलेली ती सूट 2023 मध्ये संपली. म्हणून सिनिअरला विचारताना तो कुठल्या वर्षी होता, हेही विचारा. आणि नोंदणी लॅपटॉपवर करा, मोडचा रकाना उघडा, प्रत्येक विषयासमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘हायब्रिड’ (थोडं वर्गात, थोडं ऑनलाइन) असेल तर आपल्या मनाने अर्थ लावू नका, डीएसओला मेल टाका. डीएसओ म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला तो माणूस, जो सेव्हिसमध्ये तुमची नोंद करतो. अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजर वेगळा. माझ्या अ‍ॅडव्हायजरने दोन्ही ऑनलाइन विषयांना होकार दिला होता, कारण डिग्रीच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

नोंदणी उघडायच्या आधी ‘होल्ड’ (पोर्टलवरची नोंदणी अडवणारी खूण) तपासा. गोवर-गालगुंडाच्या लसीचा, म्हणजे एमएमआरच्या दोन डोसांचा कागद नसेल तर बऱ्याच ठिकाणी नोंदणीच अडकते. आपल्या वयाच्या अनेकांकडे लहानपणचं लसीकरण कार्ड नसतं. मग डोस पुन्हा घ्यावे लागतात आणि दोन डोसांत किमान 28 दिवस जावे लागतात. हे जूनमध्येच करा. डिग्रीच्या ट्रान्सक्रिप्टचा होल्ड असेल तर आपल्या इथल्या विद्यापीठात खेटे घालायला लगेच सुरुवात करा, तिथे आठवडे जातात. आणि वेळ नीट बघा: न्यूयॉर्कचे सकाळचे 8 म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे 5:30. चांगले सेक्शन पहिल्या तासात भरतात आणि मागे बहुतेक ऑनलाइनच उरतात. माझं तसंच झालं.

वेटलिस्टवरचा विषय क्रेडिटमध्ये धरत नाहीत. ऑडिटचा, म्हणजे क्रेडिट न घेता नुसता बसून ऐकायचा विषयही नाही.

विषय जड जातोय म्हणून सोडायचा असेल तर बटण दाबण्याआधी डीएसओची परवानगी घ्या. आधी, नंतर नाही. पोर्टल तुम्हाला अडवणार नाही, एका क्लिकमध्ये विषय काढून टाकेल आणि तुम्ही फुल-टाइमच्या खाली जाल. कमी क्रेडिटची परवानगी ठरावीक कारणांनाच मिळते. आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि एका डिग्रीच्या पातळीवर ती सगळी मिळून 12 महिन्यांपर्यंतच. सुरुवातीला भाषा किंवा शिकवण्याची पद्धत जमत नसेल तरी मिळते, पण एकदाच, आणि निम्मी क्रेडिट ठेवावीच लागतात. फी परत मिळायची तारीख, ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) लागायची तारीख या विद्यापीठाच्या गोष्टी. त्यांचा स्टेटसशी संबंध लावू नका.

शेवटच्या सेमिस्टरला एकच विषय उरला असेल तर परवानगी घेऊन तेवढाच घेता येतो, मात्र तो ऑनलाइन चालत नाही. मोडचा रकाना तिथेही.

पोहोचल्यावर इंटरनॅशनल ऑफिसमध्ये चेक-इन. सेव्हिसमधली नोंद प्रोग्राम सुरू झाल्यापासून 30 दिवसांत व्हावी लागते. घर बदललं तर 10 दिवसांत पत्ता कळवा. अ‍ॅड-ड्रॉप बंद व्हायच्या आदल्या दिवशी वेळापत्रकाचा प्रिंट काढा आणि पेन घेऊन मोडचा रकाना पुन्हा वाचा. स्प्रिंगची (जानेवारीच्या सेमिस्टरची) नोंदणी फॉल (ऑगस्टचं सेमिस्टर) चालू असतानाच उघडते, तेव्हाही.