लॉग, ई^क्ष आणि दुसरा विकलज: गणिताला बसण्याआधीची तयारी

बारावीच्या गणित भाग २ मधलं पहिलंच प्रकरण विकलनाचं (डिफरन्सिएशन). त्यातल्या दुसऱ्या विकलजापर्यंत पोचेतो निम्म्या वर्गाचा दम संपलेला असतो. माझ्या मते दुसरा विकलज सहसा पहिल्यामुळे चुकतो. पहिलं उत्तर आवरून न ठेवता त्याचंच पुन्हा विकलन करायला घेतलं, की पान भरतं आणि चिन्हं हरवतात. खालची सगळी तयारी याच एका गोष्टीसाठी आहे. पेपरात एक्स-वाय असतात, इथे मी क्ष आणि य लिहितो; य′ हा पहिला विकलज, य″ हा दुसरा, आणि ^ या खुणेपुढे लिहिलेला तो घात.

सूत्रं आधी. ई^क्ष चा विकलज ई^क्ष, अ^क्ष चा अ^क्ष × लॉग अ, लॉग क्ष चा १/क्ष. एवढं विचारताक्षणी यायला हवं. त्यातही क्ष पायात आहे की घातात, हे बघायची सवय लावा: क्ष^५ चा विकलज ५क्ष^४, पण ५^क्ष चा ५^क्ष × लॉग ५. परीक्षेत लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही, पण त्या टेबलातला लॉग १० पायाचा असतो आणि विकलनातला ई पायाचा (ई म्हणजे सुमारे २.७१८२८). गणितात पाया १० असा स्पष्ट दिला असेल तर विकलज १/(क्ष × लॉग १०), म्हणजे साधारण ०.४३४३/क्ष. चेन रूल (आतल्या फलनाच्या विकलजाने गुणायचा नियम) सोबत हवाच: ई^(३क्ष) चा पहिला विकलज ३ई^(३क्ष), दुसरा ९ई^(३क्ष). दर वेळी आतला ३ बाहेर येतो.

मग अकरावीतले लॉगचे नियम काढा. हा भाग मुलं ‘येतो हो’ म्हणून टाळतात आणि नेमका इथेच वेळ वाचतो. समजा य = लॉग √[(१+क्ष)/(१−क्ष)] आहे. सरळ चेन रूल लावलात तर वर्गमूळ, त्याच्या आत भागाकार, असा गुंता होईल. आधी फोडा: य = ½[लॉग(१+क्ष) − लॉग(१−क्ष)]. आता य′ = ½[१/(१+क्ष) + १/(१−क्ष)] = १/(१−क्ष²), आणि य″ = २क्ष/(१−क्ष²)². तीन ओळींत संपलं. मात्र लॉग(क्ष+१) फुटत नाही. गुणाकार, भागाकार आणि घातच फुटतात.

ई असलेल्या फलनांत काम उलटं, तिथे गोळा करायचं. य = क्ष²ई^क्ष घ्या. गुणाकाराच्या नियमाने क्ष²ई^क्ष + २क्षई^क्ष येतं. इथे थांबून ई^क्ष बाहेर काढा: य′ = (क्ष²+२क्ष)ई^क्ष. कंसात बहुपदी आणि बाहेर ई^क्ष असं असलं, की पुढचा विकलज म्हणजे कंस अधिक कंसाचा विकलज, त्याला ई^क्ष ने गुणायचं. म्हणून य″ = (क्ष²+४क्ष+२)ई^क्ष, जवळजवळ तोंडी. ई^(−क्ष²) चंही असंच: य′ = −२क्ष ई^(−क्ष²), य″ = (४क्ष²−२) ई^(−क्ष²). इथे ते −२ विसरणारे पुष्कळ भेटतात, कारण घातातल्या क्ष² कडे बघता बघता बाहेरच्या −२क्ष चंही विकलन करायचं आहे हे निसटतं.

आता जास्त वेळ ज्याला द्यायचा तो प्रकार: ‘सिद्ध करा’. य = लॉग(क्ष + √(क्ष²+१)) असेल तर (क्ष²+१)य″ + क्षय′ = ० दाखवा. पहिला विकलज काढून आवरला की सुंदर येतो: य′ = १/√(क्ष²+१). इथून भागाकाराच्या नियमाकडे वळायचं नाही. वर्गमूळ पलीकडे न्या, दोन्ही बाजूंचा वर्ग करा: (क्ष²+१)(य′)² = १. आता विकलन केलं की २क्ष(य′)² + (क्ष²+१) × २य′य″ = ०. य′ कधीच शून्य नसतो, म्हणून २य′ ने भागा. हवं ते समीकरण समोर. सिद्ध करायच्या समीकरणात वर्गमूळ नाही, हीच खूण असते. समीकरण आधी वाचा, मग विकलन. य = अई^(मक्ष) + बई^(−मक्ष) आणि य″ = म²य हे त्या मानाने फुकटचे गुण.

भागाकाराचा नियम टळत नाही असंही एक गणित करून ठेवा: य = (लॉग क्ष)/क्ष. य′ = (१−लॉग क्ष)/क्ष², य″ = (२लॉग क्ष−३)/क्ष³. पडताळा सोपा आहे. क्ष = ई ला य′ शून्य आणि य″ = −१/ई³, म्हणजे ऋण; तिथे फलनाची महत्तम किंमत १/ई. पुढचं प्रकरण विकलजांच्या उपयोजनाचं आहे, तिथे हेच लागतं. जाता जाता एक गंमत: याच महत्तम किमतीमुळे ई^π हा π^ई पेक्षा मोठा, हे आकडेमोड न करता सांगता येतं.

क्ष^क्ष ला आधी दोन्हीकडे लॉग घ्यायचा, बाकी त्यात विशेष नाही: य′ = क्ष^क्ष (१+लॉग क्ष), य″ = क्ष^क्ष [(१+लॉग क्ष)² + १/क्ष].

राहिला प्रचलाचा प्रकार, म्हणजे क्ष आणि य दोन्ही तिसऱ्याच एका चलात, इथे त मध्ये, दिलेले. क्ष = लॉग त, य = त² दिलं असेल तर पहिला विकलज २त ÷ (१/त) = २त². दुसऱ्यासाठी बरेच जण य आणि क्ष यांचे त बद्दलचे दुसरे विकलज एकमेकांनी भागतात आणि −२त² लिहून मोकळे होतात. करायचं असं: २त² चं त बद्दल विकलन, ४त, आणि त्याला पुन्हा १/त ने भागायचं, उत्तर ४त². खात्री हवी असेल तर त काढून टाका: य = ई^(२क्ष), म्हणून य″ = ४ई^(२क्ष), आणि ई^(२क्ष) म्हणजेच त².