सनस्क्रीन मागायला आलात, आधी बाळाचं वय सांगा

होळी उलटली की आमच्या मेडिकलवर एक प्रश्न ठरलेला. "ताई, बाळाला लावायचं सनस्क्रीन आहे का?" मी विचारते, "केवढं आहे बाळ?" उत्तर येतं, "चौथा लागला." मग मी ट्यूब काढतच नाही. हातातलं गिऱ्हाईक परत पाठवते हे आमच्या ह्यांना अजून पचलेलं नाही. पण अकोल्याच्या उन्हात सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जे लागतं ते माझ्या फळीवर नाही, तुमच्या आईच्या पेटीत आहे. कुंची.

कुंचीत डोकं, कान, मान, पाठ सगळं एका कापडात झाकलं जातं. बाजारातल्या टोपीला पुढे झापड असते, पण मागे मान उघडी आणि कान उघडे. फक्त बारशाची जरीची, अस्तराची कुंची काढू नका, तीत बाळ उकडून निघेल. जुन्या सुती साडीची साधी शिवा आणि बंद सैल बांधा. कापड ट्यूबलाइटसमोर धरून बघा. पलीकडचा उजेड जितका लख्ख दिसेल, तितकं ऊनही आत येणार. मलमलीचं झबलं घरात पंख्याखाली झकास, पण बाहेर जाताना दाट विणीचं, सैल, पूर्ण बाह्यांचं घाला. भिजलेलं पातळ सुती कापड तर कोरड्यापेक्षाही कमी अडवतं, म्हणजे ओला पंचा डोक्यावर टाकून गारवा मिळेल, ऊन अडेलच असं नाही.

क्रीम का नको, हे सासूबाईंनीही मला विचारलं होतं. बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचा पसारा मोठा, त्यामुळे जे चोपडाल त्याचा अंशही मोठ्या माणसापेक्षा जास्त आत जातो. सावलीच मिळत नसेल अशा अडचणीच्या वेळी, डॉक्टरांना विचारून, गालांवर आणि हातांच्या पंजांवर थोडंसं लावणं वेगळं. रोजचा नेम म्हणून नको.

आता मालिशचा विषय. तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात निजवायचं हा आमच्याकडचा नियम, आणि "ऊन दाखवल्याशिवाय हाडं कशी भरतील?" हे त्यावरचं वाक्य. हाडांसाठी ड जीवनसत्त्व लागतं हे खरं, म्हणूनच तान्ह्या बाळांना डॉक्टर रोज ४०० युनिटचे थेंब देतात. ते थेंब चुकवू नका. तेलाने ऊन अडत नाही. आणि बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. आमच्या घरी तोडगा निघाला तो असा: मालिश ओसरीवर, सावलीत. सासूबाईंना ओसरी मिळाली, मला सावली.

मोठ्या मुलांसाठी सासूबाईंना मी घड्याळाऐवजी सावली बघायला शिकवलं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की पोरं आत. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सकाळी नऊ-सव्वानऊलाच ती वेळ येते, आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला सावली पुन्हा आपल्याएवढी होते. पण सावली सांगते ती किरणांची गोष्ट, झळेची नाही. साडेतीनला सावली लांबली तरी रस्ता भाजतच असतो, म्हणून बागेत साडेपाचनंतरच न्या, आणि पत्र्याच्या घसरगुंडीवर आधी स्वतःचा तळहात टेकवून बघा.

बाबागाडीवर ओढणी टाकून ती सगळीकडून बंद करू नका. आत हवा खेळत नाही आणि भट्टी होते. स्कूटीवर मांडीत घेताना ओढणीत नखशिखांत गुंडाळतात, तिथेही तोंड-नाक मोकळं हवं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर वरचं पाणी देऊ नका, जास्त वेळा पाजा.

सहा महिन्यांनंतर मात्र ट्यूब देते. घटकांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड बघा, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (म्हणजे उन्हातले दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारं) लिहिलेलं आणि एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, ३० ते ५० असलेलं घ्या. त्यावरच्या आकड्यांना भुलू नका: ३० असेल तर त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० असेल तर ९८. बिनवासाचं बघा. स्प्रे नको, पोरं नाकात ओढतात. टाल्कम पावडर थापून ऊन लागत नाही असं समजणाऱ्यांनी ती समजूत आजच सोडावी. पहिल्यांदा दंडाच्या आत थोडं लावून एक दिवस वाट बघा. नंतर बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसला किंवा पाण्यातून आलात तर लगेच. ट्यूबवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅमचा थर देऊन काढलेला असतो. आपण ठिपके देऊन चोळतो, म्हणजे ट्यूबवर लिहिलेलं संरक्षण मिळतच नाही. पोरगं जरा पांढरं दिसलं तरी चालेल.

हे सगळं काउंटरवरून बोलणाऱ्या माझी फजिती गुहागरच्या समुद्रकिनाऱ्यावर झाली. मुलगी साडेतीन वर्षांची, आभाळ भरलेलं, म्हणून ट्यूब पिशवीतच राहिली. विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात, वर वाळू आणखी परतवते, हे मला पाठ होतं. दिवसभर ती सावळ्या अंगावर कुठे लाल दिसली नाही. रात्री वेणी घालताना कंगवा कानाला लागला आणि किंचाळली. कानांच्या पाळ्या, मान, पावलांची वरची बाजू, सगळं तापलेलं. म्हणून सांगते, सावळ्या पोरांना ऊन लागलंय का हे डोळ्यांनी शोधू नका, हात लावून बघा. गार पाण्याची घडी ठेवा, बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. फोड आले, ताप आला, पोर मलूल पडलं किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरकडे. वर्षाच्या आतलं बाळ भाजलं तर फोडांची वाट बघू नका, तसेच निघा.

लिंबाचं एक राहिलं. सरबताची लिंबं पिळायला पोरांना हौसेने बसवतात आणि तसेच हात घेऊन ती अंगणात पळतात. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे चट्टे उठतात, काळे डाग आठवडे राहतात. आधी साबणाने हात, मग अंगण.

आणि कुणी "काळी पडेल हो पोरगी, क्रीम द्या" म्हणालं की मी विचारते, मुलगा असता तर मागितलं असतं का? मग दोघांसाठी एकच ट्यूब देते. ती स्कूटीच्या डिकीत ठेवू नका एवढं सांगून. मे महिन्यात तिथे औषध टिकत नाही.